बिघाड पुढच्या शिफ्टला द्यायचा नाही

शिफ्ट सुटल्याचा भोंगा फिटरमामांना कधी ऐकूच येत नसे. चाकणच्या आमच्या कारखान्यात मशीन बंद पडलं, की ते चालू करूनच मामा हात धुवायचे. कंपनीची बस गेली तर गेली. "बिघाड पुढच्या शिफ्टला द्यायचा नसतो, भाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी स्टोअर्सला. बेअरिंग द्यायला मलाही थांबावं लागे. चडफडायचो, पण मनातून आदरच वाटायचा.

आज लोक त्यांना हावरट म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. कॅन्टीनमध्ये उरलेली जिलेबीसुद्धा या माणसानं कधी उचलली नाही.

मोशीत दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा म्हणून मामा-मामींनी पैसे साठवले होते. कुणीतरी मामांना मोबाइलवर शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यांचा नाद लावला. पहिल्याच दिवशी फायदा झाला आणि पडद्यावर रंगीत फटाके उडाले. मामा लहान मुलासारखे हसले. अशा वेळी मेंदूत कसलंसं रसायन उसळतं म्हणे. ॲपवाल्यांना ते पक्कं ठाऊक असणार. नाहीतर फटाके कशाला?

मग तोटा सुरू झाला. हावरा माणूस घाबरून पळाला असता. मामा ठाण मांडून बसले.

"मामा, गेले ते गेले. उठा आता."

"असं अर्धवट टाकून कसं उठू, राव? तेवढं भरून काढतो, मग बंद."

मी हिशेब सांगितला : निम्मे गेले, तर उरलेल्यांचे दुप्पट व्हावे लागतात, तेव्हा कुठे माणूस मूळ जागी येतो. मामा म्हणाले, "तुम्ही स्टोअर्सवाले. तुमच्या हिशेबानं मशीन चालू होतं व्हय?"

बाजार हे बंद पडलेलं मशीन नव्हे, हे त्यांना पटलंच नाही. ज्या गुणासाठी कंपनीनं जन्मभर पाठ थोपटली, त्याच गुणापायी फ्लॅटचे पैसे संपले. आणि दोष कुणाचा? तर मामांचा! खाली बारीक अक्षरात धोक्याची सूचना होती ना! फटाके मात्र पडदाभर.

गेल्या महिन्यात खोली सोडून दोघं बीडकडे गावी निघाले. टेम्पो भरत असताना मामांचा मोबाइल वाजला. तो आता मामींकडे असतो. त्यांनी स्पीकर लावला.

"सर आहेत का? बऱ्याच दिवसांत सरांनी ट्रेड केला नाही," ॲपवाल्यांकडच्या मुलीचा गोड आवाज आला.

इतक्या वर्षांत कारखान्यात मामांना कुणी 'सर' म्हटलं नव्हतं. ते टेम्पोतून उतरले आणि हात पुढे करून आले.

मामींनी पाठ फिरवली. "सर-बिर इथं कुणी न्हाई, बाई. एक फिटर हाय. त्याला मी घरी घेऊन चाललेय."