त्रेसष्ट नंबरचं हिरवं पुस्तक

सेरगालीला माणसांची नावं लक्षात राहत नसत, नंबर राहत. नोकरीच तसली होती. पस्तीस वर्षं त्यानं तराज या कझाक शहरात दारोदार हिंडून विजेच्या मीटरचे आकडे टिपले. कुणाचं कुत्रं चावरं आहे, कुणाची सासू चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, कोण मीटरला चुंबक लावून साळसूदपणे बसलंय, सगळं त्याला ठाऊक. पण घरात पाऊल टाकलं की त्याची नजर आधी मीटरकडे जायचीच नाही, पुस्तकांच्या फळीकडे जायची. तिथं हिरवा कागदी कणा दिसला की गडी आकडे टिपायचंही विसरायचा.

हिरवी पुस्तकं म्हणजे शंभरी. सेरगाली तरुण होता तेव्हा सरकारी छापखान्यानं जगभरातल्या थोर कादंबऱ्या कझाकमध्ये आणून पातळ कागदी बांधणीत काढल्या होत्या. पाठीवर एक ते शंभर नंबर, किंमत दोन पावांपेक्षा कमी. मेंढपाळानं वाचावं, ट्रॅक्टरवाल्यानं वाचावं, हा हेतू. हेतू चांगलाच होता हो, पण डिंक दळभद्री होता. पुस्तक पुरतं उघडलं की कण्यातून कट्‌ आवाज यायचा आणि पानं हातात. म्हणून सेरगालीनं ठरवलं, आधी शंभर जमवायची, मग एक नंबरपासून वाचायला बसायचं. तोवर एकही उघडायचं नाही. प्रत्येकाला त्यानं पारदर्शक कागद चढवला आणि काचेच्या कपाटात ओळीनं लावलं.

नव्व्याण्णव जमली. त्रेसष्ट काही जमेना.

आणि जमेना म्हणजे किती जमू नये! शिमकेंतच्या एका रद्दीवाल्यानं फोनवर आईची शपथ घेतली, "त्रेसष्ट आहे, अगदी कोरं." हा बसनं चार तास धक्के खात गेला, तर निघालं छत्तीस. वर तो रद्दीवाला म्हणतो, "आकडे तर तेच आहेत ना काका, कशाला एवढे तापता?" एका बाईकडे नंबर त्रेसष्ट खरंच सापडलं, पण नुसतं वेष्टन. आत तिनं लोणच्यांच्या कृतींची वही घातली होती. एका निवृत्त मास्तराकडे होतं म्हणे, पण हा पोचायच्या आठवडाभर आधी मास्तरांच्या लेकानं सगळी फळी बंबात घातली. सेरगाली त्या लेकाला नाही नाही ते बोलला आणि घरी येऊन दोन दिवस जेवला नाही.

"अहो, तुमच्या वयाचे लोक नातवंडांना खेळवतात," त्याची बायको कुल्याश म्हणायची. ती जिल्हा इस्पितळात परिचारिका होती, तोंडाची फटकळ. "तुम्ही एक कमी, एक कमी करत कपाटाभोवती घिरट्या घालताय."

"शंभर होऊ देत, मग बघ."

"मग काय, कपाटाचं लग्न लावायचंय?"

सेरगालीची एकसष्टी उलटली होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला होता, डावाही भरवशाचा नव्हता. शंभर होतील कधी, वाचणार कधी, हा घोर त्याला रात्रंदिवस खायचा. बरं, नव्व्याण्णवांवर वाचायला सुरुवात करावी तर तेही मन घेईना. बासष्टनंतर चौसष्ट वाचायचं? मग इतकी वर्षं थांबलो कशाला? अशी त्याची गत.

त्या वसंतात त्याच्या मामेभावानं फोनवर एक फोटो धाडला. एसिर्केपमामाला त्र्याऐंशी पुरी झाली होती. मामा जेवणाच्या चादरीशी मांडी घालून बसलेला, पुढं मानाचं म्हणून बोकडाचं मुंडकं, शेजारी मामी. सेरगालीनं फोटो पाहिला, 'वा, तब्येत छान आहे' म्हणाला आणि एकदम ताडकन उठला. मामाच्या डोक्यामागं खिडकीच्या फळीवर हिरवं काहीतरी होतं. त्यानं बोटांनी फोटो ताणला. अजून ताणला. सहा. आणि तीन.

"कुल्याश! मामाकडे आहे! माझ्या सख्ख्या मामाकडे!"

"अगंबाई! मग मागा की."

तेच तर त्याच्या मनात घोळत होतं. कझाकांची रीतच आहे, भाच्याला मामाच्या घरातून आयुष्यात तीन गोष्टी मागता येतात, आणि मामानं नाही म्हणायचं नसतं. भाच्यावर हात उगारला तर हात जन्मभर थरथरतो म्हणतात, तिथं नकाराची काय कथा. पहिलं मागणं सेरगालीनं सातव्या वर्षी वाया घालवलं. कबरं शिंगरू मागितलं, ते आठ दिवसांत दोरी तोडून परत मामाच्या कळपात पळालं. दुसरं बाविसाव्या वर्षी. मामाची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी मागितली आणि ऐटीत घालून निघाला तो स्टेशनवरच्या बाकावर विसरून आला. त्यानंतर शहाणा झाला. तिसरं मागणं त्यानं एकोणचाळीस वर्षं राखून ठेवलं होतं.

मामाचं खेडं मोयिनकुमच्या वाळवंटाच्या कडेला. सेरगाली भाड्याच्या गाडीत पाच जणांत चेंगरून दुपारी पोचला. मामीनं बाउर्साक, म्हणजे कणकेचे गोळे, तळले, दुधाचा चहा ओतला, मांस शिजत घातलं. सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून झाली, जनावरांचीसुद्धा. सेरगालीचा डोळा सारखा खिडकीकडे. पुस्तक तिथंच होतं, उन्हानं पाठ थोडी विटलेली, पण होतं. मांस पुढं आलं तरी त्याला घास जाईना.

शेवटी त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "मामा, माझं एक मागणं राहिलंय."

मामीचा चहा ओतता ओतता हात थबकला. मामेभाऊ दारात उभा होता, त्यानं अंगणातल्या मोटारसायकलकडे पाहिलं. मामानं मात्र दाढीवरून हात फिरवला आणि हसला. "वाटच बघत होतो लेका. म्हटलं मी मेल्यावर मागतोस की काय. बोल."

"खिडकीतलं ते हिरवं पुस्तक."

मामाचं हसू मावळलं. तो खिडकीकडे बघत राहिला. "घोडा माग ना," तो म्हणाला. "तांबडा चांगला चालतो. पाच वर्षांचा आहे."

"शहरात घोडा कुठं बांधू मामा? पुस्तक."

"मेंढ्या ने दहा."

"मामा, तुम्ही घासाघीस करताय?"

हे मात्र मामाला झोंबलं. भिंतीला धरून तो उठला, पुस्तक काढलं, बाहीनं पुसलं आणि दोन्ही हातांनी भाच्याच्या हातात ठेवलं. "दिलं," तो म्हणाला. "आता तिन्ही झाली तुझी."

आणि पुस्तक हातात पडताक्षणी सेरगालीनं ते तळहातावर तोललं. नव्व्याण्णव पुस्तकं हाताळलेला माणूस तो, वजन कळतं. हे हलकं होतं. पाठ लोकरीच्या दोऱ्यानं शिवलेली. त्यानं मागून उघडलं. मागचं वेष्टन जागेवर, आणि त्याच्या आत शेवटचं पान दोनशे बारावं. खाली वाक्य अर्धं तुटलेलं.

"मामा, पुढची पानं?"

"ओढली."

"काय ओढली?"

"विड्या वळून ओढली, आणि काय."

"पुस्तकाच्या विड्या? मामा, तुम्ही?"

"मी नव्हे रे. तुझ्या बापानं!"

 मग मामानं सांगितलं. ज्या वर्षी पुस्तक घेतलं त्याच हिवाळ्यात सेरगालीचे वडील मेंढ्यांच्या तळावर भेटायला आले आणि बर्फानं नऊ दिवस अडकले. तंबाखू पोतंभर, कागद चिटोरंभर नाही. मामा बाहेर कळपाकडे, आत मेव्हणे एकटे. "संध्याकाळी येऊन बघतो तर हे पाहुणे धूर काढत बसलेले. मी म्हटलं, भावोजी, हे काय? तर म्हणाले, काळजी करू नकोस, मी शेवटाकडून फाडतोय, तुझं वाचन अडायचं नाही."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बहिणीच्या नवऱ्याला? पाहुण्याला? काय बोलणार? मी म्हटलं, ओढा."

सेरगालीला हसावं की रडावं कळेना. त्याला राग आला, चांगला सणकून आला, पण काढायचा कुणावर? बाप जाऊन अठरा वर्षं झालेली. मामानं शब्द पाळलेला. आणि आपण? पस्तीस वर्षं आकडा दोनदा तपासल्याशिवाय लिहिला नाही आणि आयुष्यातलं शेवटचं मागणं न बघता खर्चून बसलो! त्यानं कपाळावर हात मारून घेतला. शंभरी आता व्हायची नाही. झाली तरी ही अशी, लुळीपांगळी.

मामा त्याच्याकडे टक लावून बघत होता. वेगळंच काहीतरी त्याच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. "भाच्या," तो म्हणाला, "मामानं भाच्याकडे मागू नये हे मला कळतं. म्हणून चाळीस वर्षं बोललो नाही. पण आता पुस्तक तुझं झालं, तर एक विचारतो. ती नावाड्याची बायको. नवरा आंधळा झाला ऐकून परत येते, नदीच्या काठाशी उभी राहते, हात वर करते. आणि तिथंच तुझ्या बापाची विडी लागली. ती घरात गेली का रे? तुझ्याकडे ही पुस्तकं भरलेलं कपाट आहे म्हणतात. तुला तर ठाऊक असणारच."

सेरगालीनं मान खाली घातली. "मामा, हे माझ्याकडे नव्हतंच."

"नव्हतं, पण बाकीच्या वाचणाऱ्यांत कुणी बोललं असेल की. बरं, ते जाऊ दे. तुझ्या त्यांतलं एखादं सांग. चांगलं असेल ते."

"एकही वाचलेलं नाही."

"एकही?" मामी मध्येच म्हणाली. "मग रे, इतकी आणली कशाला?"

सेरगालीनं नुसतीच पानं चाळली. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला म्हणून सुटल्यासारखं झालं. घरात फोनचा आवाज धड फक्त खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात यायचा, म्हणून मामेभावानं स्टूल पुढं सरकवलं. सेरगाली स्टुलावर चढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बटण दाबून फोन उंच धरला. कुल्याशच होती.

"मिळालं का हो?"

"कसलं मिळतंय! मागची पानं गेली. बाबांनी ओढली. नावाड्याची बायको काठाशी उभी आणि खलास."

"कोण, नावाड्याची बायको?" कुल्याश म्हणाली. "ते पुस्तक? ते तर आमच्या परिचारिकांच्या वसतिगृहात होतं. बावीस मुलींनी वाचलं, पार चिंध्या झाल्या त्याच्या."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही नाव कधी सांगितलंत? उठता बसता त्रेसष्ट, त्रेसष्ट. मला काय कळणार त्रेसष्ट म्हणजे कोण!"

"सूनबाई!" मामा खालून ओरडला. म्हातारा गुडघ्यांवर उभा राहिला होता. "ती घरात गेली का?"

"कोण, मामा? सलाम! नाही गेली हो घरात. होडीकडे गेली. वल्हं उचललं आणि पलीकडे दोन माणसं थांबली होती त्यांना घेऊन आली. मग जन्मभर होडी तीच चालवते. झोपते होडीच्या छपराखाली. नवऱ्याला रोज जेवण नेऊन देते, पण उंबरठा ओलांडत नाही."

मामा मटकन खाली बसला. "आणि मी चाळीस वर्षं तिला घरात नेऊन बसवत होतो," तो म्हणाला.

"मी सांगत होते," मामी म्हणाली. "तुम्हाला म्हटलं होतं ना, ती बाई आत जायची नाही? त्या नवऱ्यानं दारात काय शब्द वापरले होते ते विसरलात?"

"सूनबाई, तो तिला हाक मारतो का?"

"एकदाच मारतो, मामा. ते सांगताना आम्ही सगळ्या रडायचो."

सेरगालीच्या हाताला रग लागली होती. "कुल्याश," तो म्हणाला, "मी घरी आलो की तू मला कपाटातलं एखादं..."

"कपाटातली सगळी वाचलीत मी."

"काय?"

"सगळी. नव्व्याण्णव. तुम्ही मीटर बघायला जायचा तेव्हा. घाबरू नका, हात धुऊन, दोन बोटांएवढी फट करून. एकाचाही कणा मोडला नाही."

स्टूल डगमगलं. मामेभावानं धरलं म्हणून बरं. सेरगाली काहीतरी बोलणार होता, पण खाली कुणाला ऐकायचंच नव्हतं.

"सूनबाई, पुढच्या खेपेला तू ये गं," मामा ओरडला. "नव्व्याण्णवही सांग. हा आला नाही तरी चालेल. बरं, तो नवरा तिला हाक कशी मारतो?"

"मलाही सांगा ना कुणीतरी," सेरगाली म्हणाला. "कोण ही बाई? आधी घर का सोडलं तिनं?"

"हात खाली घेऊ नकोस," मामी म्हणाली. "आवाज तुटतोय."