माझ्याच वर्गातली माझी मुलगी

अनसिंगच्या चौकातून शाळेची बस सकाळी पावणेसातला सुटते. चौकापर्यंत मी आई असायचे आणि बसच्या पायरीवर पाय ठेवला की मॅम. पुढच्या दोन सीट शिक्षकांच्या, मागच्या मुलांच्या. मुलगी माझ्या हातून डबा घ्यायची, "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणायची आणि मागे जाऊन बसायची. ड्रायव्हरदादांना सुरुवातीला या प्रकाराचं फार हसू यायचं. पुढे त्यांनाही सवय झाली.

नियम प्राचार्यांचा होता. शिक्षकांची मुलं शाळेत असतील तर त्यांनी आईला आई म्हणायचं नाही, बाकीच्या मुलांना वेगळं वाटतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मुलगी तेव्हा दुसरीत होती. मीच तिला समोर बसवून समजावलं की शाळेत मी मॅम आणि घरी आई. तिनं विचारलं, "आणि रस्त्यात?" मी हसले आणि उठून पोळ्या करायला गेले.

ही नोकरी मी तिच्यासाठीच धरली होती, हे आधी सांगायला हवं. त्याआधी मी मंगरूळपीरच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायचे. दोन एसट्या बदलून जायचं, दोन बदलून यायचं. मुलगी शाळा सुटल्यावर शेजारच्या काकूंकडे बसून राहायची आणि मी घरी येईपर्यंत पेंगायला लागायची. मग वाशीमच्या बाहेर ही इंटरनॅशनल शाळा निघाली. शिक्षकांच्या मुलांना फी नाही, बस गावातूनच, लेक दिवसभर डोळ्यांसमोर. नात्यातल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस. मलाही तसंच वाटलं.

इंटरनॅशनल म्हणजे गेटवर निरनिराळ्या देशांचे झेंडे आणि आत इंग्रजी. पालक मात्र सगळे ओळखीचेच: कृषी केंद्रवाले, डॉक्टर, ठेकेदार, मोठी शेती असलेले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. हो, गुरुजीसुद्धा. कुंपणाच्या पलीकडे लोकांची तूर. कधी तिकडून एखादं रोही, म्हणजे नीलगाय, मैदानात शिरायचं आणि मग आम्ही सगळ्या शिक्षिका ग्लोबल सिटिझनना आत कोंडून दारं लावून बसायचो.

मुलगी पाचवीत गेली आणि मी तिची वर्गशिक्षिका झाले. पाचवीची तुकडी एकच होती, त्यामुळे पर्याय नव्हता. पहिल्याच आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की आता पहिला नंबर कोणाचा ते विचारायलाच नको. प्राचार्यांनी बोलावून मला एवढंच सांगितलं की जरा जपून राहा.

मी जपून राहिले. तिनं हात वर केला की मी शेजारच्या मुलाला विचारायचे. इतरांना स्पेलिंग सुधारायला एक संधी द्यायचे, तिला देत नव्हते. पंधरा ऑगस्टच्या नाचात तिला मागच्या रांगेत उभं केलं. आधी हे करताना मी तिच्याकडे बघायचं टाळायचे. दिवाळी जवळ येईपर्यंत तेही थांबलं. अठ्ठावीस मुलांमधली ती एक, आणि तिच्यावरून नजर पुढे सरकवायला मला काही करावं लागत नव्हतं. संध्याकाळी घरी आले की माझ्यात बोलायला काही उरायचं नाही. तीही हळूहळू कमी बोलू लागली. काही सांगायच्या आधी क्षणभर थांबायची, परवानगीची वाट पाहिल्यासारखी. मला ते दिसत होतं. दिसलं म्हणून मी काही केलं असं नाही.

ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे एक दिवस असतो. त्या दिवशी शिक्षक बोलत नाहीत. प्रत्येक मूल आपल्या आईवडिलांना समोर बसवतं आणि जूनपासूनची फाईल उघडून स्वतः सांगतं की मी काय शिकलो, मला काय जमलं, काय नाही जमलं. प्रत्येकाला दहा मिनिटं. पालक ठेवणीतले कपडे घालून येतात. इंग्रजीतलं अर्धंअधिक कळत नाही, तरी मान डोलावतात. एका बाबांनी त्या वर्षी सगळं ऐकून घेतलं आणि पोराला हळूच विचारलं, "हे तू केलं का मॅडमनं?"

मी सगळ्या वर्गावर लक्ष ठेवणार, म्हणून मुलीसमोर तिच्या बाबांनी बसायचं ठरलं होतं. सोयाबीनची सोंगणी झाली होती, ढीग शेतात पडला होता आणि आभाळ भरून आलं होतं. दहा वाजता त्यांचा फोन आला. "थ्रेशर आजच भेटलं. सोडलं तं आठ दिवस नाई भेटत. अन् तू हायेच न तिथं."

मी होतेच तिथं. तिची वेळ अकरा चाळीसची होती. ती खिडकीजवळच्या टेबलावर फाईल उघडून बसली. समोरची खुर्ची रिकामी. मी हातानं खूण केली की थांब, येते. तेवढ्यात एका डॉक्टरबाईंनी मला मुलाच्या अक्षरावरून धरून ठेवलं. मग संस्थेचे दोन पाहुणे आले, त्यांना भिंतीवरचे तक्ते दाखवायचे होते. मधून मधून मी तिच्याकडे पाहत होते. ती पानं उलटत होती, ओठ हलत होते, बहुतेक पाठ केलेलं म्हणून पाहत असावी. सव्वाबाराला तिनं फाईल बंद केली, कपाटात नेऊन ठेवली आणि माझ्याजवळ आली.

"मॅम, मी डबा खाऊ का?"

मी हो म्हटलं.

त्या दिवशी पालकांना एक फॉर्म दिला जातो. मुलाचं ऐकून काय वाटलं ते लिहून दोन दिवसांत परत करायचा. तिचा फॉर्म मी पर्समध्ये टाकला आणि विसरले.

दोन दिवसांनी वर्गात फॉर्म मोजले. सत्तावीस भरले. ऑफिसातून दोनदा निरोप येऊन गेला होता. मी टेबलावरून मान वर न करता म्हणाले, ज्यांनी पालकांचा फॉर्म आणला नाही त्यांनी उभं राहा.

एकच मुलगी उभी राहिली.

मी नेहमीच्याच आवाजात विचारलं, तुझा फॉर्म कुठे आहे?

"सॉरी, मॅम. आईकडे आहे."

वर्गात कोणी हसलं नाही. एखादं पोर हसलं असतं तर कदाचित मी भानावर आले असते. मी तिची डायरी मागवली आणि त्यात लिहिलं की फॉर्म मिळालेला नाही, पालकांनी नोंद घ्यावी. खाली सही केली. मी बस म्हणेपर्यंत ती उभीच होती.

चौथ्या तासाला पेन शोधताना पर्समध्ये तो फॉर्म हाताला लागला. खूप लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी त्याची घडी उलगडली, तळहातानं सपाट केला आणि पेन घेऊन पुढच्या वर्गावर गेले.

संध्याकाळी तिनं डायरी बाबांपुढे धरली. त्यांनी वाचलं आणि त्यांना हसू फुटलं. "हे काय वं? हे तं तूच लिवलं." मग त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि डायरी पुन्हा वाचली.

"सही करा न, बाबा," ती म्हणाली. "रिमार्क हाये. सही कराच लागते."

त्यांनी सही केली. मी फॉर्म घेऊन बसले. पहिलाच प्रश्न होता, तुमच्या पाल्याने तुम्हाला स्वतःबद्दल कोणती नवी गोष्ट सांगितली? मी तिला म्हटलं, "ये, आता सांग मला. फाईलमध्ये काय काय आहे?"

"फाईल शाळेतच असते, मॅम." लगेच तिनं जीभ चावली. "आई."

"फाईल नसू दे. तशीच सांग."

"ते झालं आता."

"मग मी इथे काय लिहू?"

तिनं जरा विचार केला. मदत करावी म्हणूनच बोलली ती, टोमणा नव्हता. "सगळ्यांचे आईबाबा 'प्राउड ऑफ माय चाइल्ड' लिहितात. तूही तेच लिही."

मी तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं तो फॉर्म दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर आणून दिला. मी थँक्यू म्हटलं आणि गठ्ठ्यात लावला. अठ्ठावीस झाले.

मार्चमध्ये एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हे म्हणाले, "पोरगी दुसऱ्या शाळेत टाका म्हन्ते."

"काहून?" घाईत माझ्याही तोंडून गावचंच निघालं.

"म्हन्ते, इथं आईले सगळं आधीच माहीत रायते. घरी येऊन सांगाले काहीच नाई रायत. दुसऱ्या शाळेत गेली तं रोज काहीतरी सांगता येईन."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मी लसूण सोलत होते, तो सोलत राहिले. सोलून झाल्यावर म्हणाले, बरं.

एप्रिलमध्ये शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज आला. अर्ज ह्यांनी केला होता, पण माहिती वर्गशिक्षिकेनं भरायची असते. वर्तणूक: चांगली. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. शाळा सोडण्याचे कारण, या रकान्यापुढे मी थोडा वेळ थांबले. तिथे आम्ही सगळ्यांसाठी एकच लिहितो. मीही लिहिलं: पालकांच्या विनंतीवरून.

जूनपासून ती वाशीमच्या दुसऱ्या शाळेत जाऊ लागली. तिची व्हॅन माझ्या बसनंतर दहा मिनिटांनी येते. संध्याकाळी ती खरंच सांगते. कुठल्या मुलीनं कोणाची बाटली लपवली, सर्वांत कडक मॅडमना एक शिंक आली की कशा ओळीनं पाच येतात. मी भाजी चिरता चिरता ऐकते. कधी कधी मध्येच लक्ष उडतं. ते तिला कळतं आणि ती थांबते. मग मी "पुढे?" म्हणते आणि ती पुन्हा सुरू करते. बरं चाललं होतं आमचं, असं मला वाटतं. पहिल्या चाचणीनंतरच्या पालकसभेला मीच येणार, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. तिनं दोनदा खात्री करून घेतली.

तिच्या शाळेची सभा आणि आमच्या शाळेची सभा एकाच शनिवारी निघाली. मी रजा मागितली. पालक येणार त्या दिवशी वर्गशिक्षिकाच नसेल तर कसं चालेल, असं प्राचार्य म्हणाले. त्यांचं चुकत होतं असंही नाही. मुलीला मी सकाळी बस येण्याआधी सांगितलं. ती "ठीक हाये" म्हणाली आणि बूट घालू लागली.

त्या दिवशी मी नव्या पाचवीच्या पालकांना एकेक करून भेटले. मुलाला वेळ द्या, एवढं वाक्य तरी मी बऱ्याच जणांना सांगितलं असेल.

घरी आले तेव्हा मुलगी बाहेर खेळायला गेली होती. हे वाशीमहून परत येऊन चहा पीत बसले होते. मी सभेचं विचारलं. गुण बरे होते, अक्षर चांगलं होतं, वर्गात बोलते, असं तिच्या मॅडम म्हणाल्या.

"माझं काही विचारलं?"

"इचारलं न. मॅडम म्हने, आई काहून नाई आल्या? मी काही बोलाच्या आधी पोरीनंच सांगतलं." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हने, आईचे पोरं हायेत तिच्या शाळेत. त्याईचा निकाल हाये आज."

मी विचारलं, रागानं बोलली का?

"नाई वं," हे म्हणाले. "सहज सांगतलं तिनं."