रूपरावांनी अडवलेला तलाव

वर्ध्याजवळच्या आंजीपलीकडच्या एका गावात निम्म्या पोरांना पोहायला रूपराव पचारेंनी शिकवलं. पिढीजात मासेमार माणूस. उन्हाळ्यात तलावाच्या रेताड काठावर पोरांचा नुसता गोंगाट. रविवारी वर्ध्या-देवळीकडूनही माणसं डुंबायला येत आणि रूपरावांची बायको शोभाबाई तिथंच भज्यांची कढई मांडे.

मग नव्या वस्तीची गटारं तलावाच्या नाल्यात सोडली गेली. पाणी हिरवं पडलं, वास मारू लागलं. पोरांच्या अंगाला खाज सुटे. "गरमीनं होते," म्हणून रूपराव सोडून देत.

यंदा त्यांची नात हर्षा काविळीनं पडली. डोळे हळदीसारखे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पितेस?"

"घरचंच. पण पोहताना तलावाचं तोंडात जाते," हर्षा म्हणाली.

रूपरावांना तिच्याकडे बघवेना.

पोर घरी आली, तसे ते काठावर गेले आणि दोन बाभळींना जाळ्याचा दोर बांधून वाट अडवून बसले.

शोभाबाई भडकली. "काऊन दोर बांधून राह्यले? माणसं आले नाई तं भजे कोणाले विकू?"

"नको विकू. याच पाण्यानं प्लेटा धुतं तू."

त्या दिवशी तिनं कढई उचलली ती पुन्हा मांडलीच नाही.

ग्रामसभेत रूपराव भांडले. पाणी तपासायला गेलं, अंघोळीलाही लायक नाही असं आलं. पाटी लागली. गटारं मात्र वाहतच राहिली.

पाटीला कोण विचारतो? रविवारी एकजण लेकरांना घेऊन दोराखालून वाकला. "काका, तलाव काय तुमच्या बापाचा आहे?"

"बापाचाच होय. त्याचं पोट याच्यावरच भरलं. म्हणून सांगून राह्यलो, लेकरं नको उतरवू."

तो माणूस थबकला, लेकरांना घेऊन माघारी गेला. पण त्याच्या मागचे दोघं हसत पाण्यात शिरले.

संध्याकाळी हर्षा दारात बसली होती. हातपाय काड्यांसारखे. "आबा, मी पोहनं इसरन का?"

"नाई. बरी झाली का तळेगावच्या मामाच्या विहिरीवर नेतो तुले."

हर्षा खुलली. "आन् अंजू? चंचल? गावातले सारे पोरं? त्यायले बी नेशीन?"

रूपराव मनातल्या मनात आसपासच्या विहिरी मोजू लागले. एवढी पोरं मावतील अशी विहीर त्यांच्या माहितीत नव्हती.