पेजेचा चमचा

मी ज्या कॉलेजात शिकवते, तिथल्या छोट्या प्रयोगशाळेत खाडीच्या चिखलातले जिवाणू वाढवते आणि त्यांचा छळ करते. हाच माझ्या संशोधनाचा विषय. त्यांना मीठ जास्त द्यायचं, उष्णता वाढवायची, आंबट पाण्यात ठेवायचं आणि कोण टिकतं ते बघायचं. इतके टिकतात की वीस वर्षं झाली तरी माझं नवल संपत नाही. त्यामुळे आईची केमोथेरपी सुरू होताना डॉक्टर म्हणाले, "पांढऱ्या पेशी कमी होतील, संसर्गापासून जपा," तेव्हा मसुरे गावातल्या आमच्या घरात माझ्याइतकं घाबरलेलं दुसरं कुणी नव्हतं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, ते वेगळं.

मी घराचा ताबा घेतला. सोलकढी बंद. बरणीतल्या खारातल्या कैऱ्या बंद. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं म्हणून आंबोळ्याही बंद. आंबोळी तव्यावर चांगली भाजली जाते, हे माझ्यासारख्या जंतूंच्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती, पण भीती शिरली की शिक्षण कुठे जातं कोण जाणे. शेजारची काकी, आईची चाळीस वर्षांची मैत्रीण, तिने पडवीबाहेरूनच बोलायचं. आईचं ताट, वाटी, चमचा सगळं स्टीलचं, कारण स्टील उकळता येतं. मी ते दहा मिनिटं घड्याळ लावून उकळत असे.

तिसऱ्या डोसानंतर आईच्या तोंडात फोड आले. तिखट, मीठ, गरम काहीच चालेना. राहिली ती उकड्या तांदळाची कोमट पेज. मी ती वाटीत घेऊन समोर बसायचे. दोन चमचे झाले की आई ओठ मिटून घ्यायची.

"लोखंड लागता गो. खिळो चोखल्यासारख्या."

"औषधान चव बदलता आई. डोळे मिटून गीळ."

ते का होतं हे मला पाठ होतं. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण जिभेवरच्या चवीच्या आणि तोंडाच्या आतल्या कातडीच्या पेशीही तशाच. मग तोंड सोलवटतं, चव फिरते. मी त्यावरचे शोधनिबंध वाचले होते, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या. कारण सापडलं की प्रश्न संपला, असा माझा आपला समज.

चौथ्या डोसाच्या दिवशी घाटावरच्या हॉस्पिटलात आईचं वजन एकेचाळीस किलो भरलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाचवा डोस तीन आठवड्यांनी. पण वजन आणखी उतरलं तर तो मला पुढे ढकलावा लागेल. आणि आत्ता डोस लांबणं बरं नाही. त्यांना खायला घाला, काहीही करून."

परतताना घाट उतरला की वैभववाडीला चहा प्यायचा हा आईचा शिरस्ता. त्या दिवशी तिने चहाकडे पाहिलंही नाही. मला तिचा इतका राग आला की घरी पोचेपर्यंत मी बोलले नाही. राग तिचा नव्हताच. तिला खायला घालणं मला जमत नव्हतं, त्याचा होता.

पुढचा आठवडा आमचं रोज भांडण. एकदा पेजेची वाटी बाजूला सारून तिने विचारलं, "तुझे ते चिखलातले जंतू मिठात मरनत नाय, ते कशे?"

विषय बदलला तर चार घोट जास्त जातील, या आशेने मी सांगितलं. बाहेर मीठ वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मग ते जिवाणू साखरेसारखे काही पदार्थ आत साठवून घेतात. त्यामुळे पाणी आत राहतं आणि जीव वाचतो.

आईने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे पोटात कायतरी बरा गेला तरच ते तगतत. आणि माका तू लोखंड भरवतस."

मी वाटी उचलून स्वयंपाकघरात गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारचं प्रॅक्टिकल रद्द झालं आणि मी लवकर घरी आले. पाहते तर मागच्या खळ्यात, सारवलेल्या अंगणात, आई खुर्चीवर आणि तिच्या अगदी जवळ काकी. आईच्या मांडीवर चिनीमातीचा वाडगा. हातात फणसाचं पान, दुमडून, नारळाच्या झावळीतल्या हिराची बारीक काडी टोचून केलेला चमचा. आमच्याकडे पूर्वी पेज अशीच खात. लहानपणी मीही खाल्ली आहे, आणि नंतर स्टीलच्या चमच्यांच्या नादात विसरूनही गेले आहे.

माझं डोकं फिरलं. झाडावरचं पान! त्याच्यावर काय काय असतं हे मला विचारा. मी काकीला नाही नाही ते बोलले.

"दोन पाण्यान धुतलंय गो बाय," काकी एवढंच म्हणाली.

आई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिने पानाने वाडग्याचा तळ निपटला आणि शांतपणे सांगितलं, "आज लोखंड लागाक नाय."

वाडगा रिकामा होता.

त्या संध्याकाळी मी हॉस्पिटलने पहिल्याच दिवशी दिलेलं पत्रक शोधून काढलं. शोधनिबंधांच्या गठ्ठ्याखाली घडीही न मोडलेलं सापडलं. त्यात साध्या मराठीत लिहिलं होतं: तोंडाला धातूची चव येत असल्यास धातूची भांडी व चमचे टाळावेत. म्हणजे रोज घड्याळ लावून मी जे उकळत होते, त्यानेच आईची पेज बिघडत होती. मी काकीच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने मला फणसाच्या कोणत्या फांदीची पानं घ्यायची ते समजावून सांगितलं, जणू मी माफी मागायला नव्हे, तेवढ्यासाठीच आले होते.

तरी माझा स्वभाव मला सोडतो थोडाच. पान आधी उकळत्या पाण्यात बुडवायचं, प्रत्येक वेळी नवं घ्यायचं, अशी तडजोड ठरली. उकळत्या पाण्यातून काढलेलं पान मऊ होऊन न चिरता दुमडतं, हे काकीलाही मान्य करावं लागलं, पण तिने ते तोंड वाकडं करून केलं. एवढ्यावरही माझं समाधान होईना. मी अशा एका पानावर निर्जंतुक कापसाचा बोळा फिरवला आणि प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या बशीत टेकवला. तुलनेसाठी दुसऱ्या बशीत माझ्या मोबाईलवरचा बोळा. दोन दिवसांनी पाहिलं तर पानाच्या बशीत एक बारका ठिपका आणि मोबाईलच्या बशीत नुसती जत्रा.

मी दोन्हींचा फोटो आईला दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ धरून निरखला.

"मगे मोबाईल उकळ," म्हणाली.

काकी रोज पानं आणायची. पेजेत मी मुगाची डाळ, तूप घालू लागले. आई मागून कधीच घेत नव्हती, भूक म्हणून नव्हतीच, पण वाडगा संपवत होती. मला तेवढं पुरे होतं. त्या दिवसांत मी कॉलेजातून घरी येताना गाडीत गुणगुणायचे, आणि कुणी ऐकलं तर काय म्हणेल म्हणून काचा वर करायचे.

पाचव्या डोसाच्या दिवशी आई पुन्हा त्या काट्यावर उभी राहिली. मी पेजेच्या डब्याची पिशवी धरून उभी होते, आकड्याकडे बघितलंच नाही. नर्सने वाचला: साडेएकेचाळीस. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "देऊ या आज."

"द्या डॉक्टर, मी तयार आहे," आई तिच्या जुन्या नोकरीतल्या, ऑफिसच्या मराठीत म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

ते औषध तिच्या अंगात जाऊन काय काय मारणार आहे, हे त्या खोलीत डॉक्टरांखालोखाल मलाच ठाऊक होतं. तरी नळीतून पहिला थेंब उतरला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी रडायला लागले. आजार कळल्यापासून मी एकदाही रडले नव्हते, ते सगळं तिथे, परक्या माणसांसमोर बाहेर पडलं. आईने मोकळ्या हाताने माझी ओढणी ओढली.

"रडतस कित्याक? डबो उघड," ती म्हणाली, "माका भूक लागली हा."