आबांनी मला ‘ते’ म्हटलं तेव्हा

फोन आबांच्या नंबरवरून आला आणि आवाज अक्काचा, माझ्या काकूचा होता, तेव्हाच मी काय ते समजलो. माझे मोठे काका, आम्हा सगळ्यांचे आबा, त्या सकाळी यावलच्या घरी वारले... मी ऑस्ट्रेलियात, केळीच्या बागेत उभा होतो. हातात पील, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब, कापायचा विळा होता. तो कसा धरायचा हे आबांनीच शिकवलं होतं.

मी सहा वर्षांचा असताना वडील गेले आणि आबांनी मला आपल्या पोरांत बसवलं. शाळा सुटल्यावर शेत, सुट्टीत शेत. कंद निवडण्यापासून घड उतरवण्यापर्यंत सगळं त्यांच्या मागे फिरून शिकलो. मग परदेशात बागेवर काम करायची हौस डोक्यात शिरली. आबा एकदाही ‘जाऊ नको’ म्हणाले नाहीत. परवान्याची कागदपत्रं करून देणारे एक गृहस्थ धुळ्यात देवपूरला होते. आम्ही दोघं एसटीने धुळ्याला गेलो. नशिराबाद येईपर्यंत आबांनी डब्यातल्या दशम्या संपवल्याही होत्या! ते गृहस्थ म्हणाले, “अनुभवाचं पत्र लागेल. हा तुमच्याकडे कामाला होता, असं मालक म्हणून लिहून द्या.” आबांचा चेहरा उतरला. “घरच्या पोराले कामाले व्हता म्हनू?” “आबा, त्यानं काम केलं हे खरं आहे ना? तेवढंच लिहायचं,” गृहस्थ म्हणाले. आबांनी सही केली, पण कागदाकडे न बघता. आमच्याकडे भावाच्या पोराला कामावरचा म्हणणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणं. हे त्या गृहस्थांना कोण सांगणार?

पुढे खात्री करायला परदेशी कचेरीतून फोन आला. मराठी बोलणारी बाई होती. तिने विचारलं, तो तुमच्याकडे कामाला होता का? आबा उसळले. “कामाले कायले राहीन? पोरगा हाये माह्या!” आणि फोन ठेवून दिला.

अर्ज फेटाळला गेला. मला वाटलं, म्हाताऱ्याने मुद्दामच केलं, मला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून. महिनाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही. आज त्याची लाज वाटते. वर्षाने पुन्हा अर्ज केला. त्याच दिवसांत एकदा मोटार बंद करायला विहिरीवर गेलो तर मोटारीच्या खोलीतून आबांचा आवाज आला. आत दुसरं कोणीच नव्हतं. मोटारीच्या पेटीसमोर ताठ उभे राहून ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “होय मॅडम, ते आमच्याकडे कामाला होते.” जन्मभर मला ‘तू’ म्हणणारा माणूस, शाळेतल्यासारखी शुद्ध मराठी बोलत मला ‘ते’ म्हणत होता... मी मोटार बंद न करताच मागे फिरलो.

दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा ते अडखळले नाहीत. परवाना आल्याचं सांगायला मी पेढे घेऊन बागेत गेलो. पेढा हातातच धरून म्हणाले, “माफ करजो रे बाप्पा. तुले परका करून टाकलं मी.” मी हसण्यावारी नेलं. तेव्हा त्यांच्या पाया पडायला हवं होतं.

परवान्याची मुदत वाढवायची वेळ आली की पुन्हा तो फोन येईल, ही धास्ती आबांनी कायमची घेतली. मोबाइल देवघराशेजारच्या कोनाड्यात सदा चार्जिंगला. शेतात जाताना बंडीच्या खिशात. नातवंडांनी खेळायला घेतला तर ओरडायचे, “ठेव तो! त्याच्या हाफिसचा फोन येईन!”

परवा यावलला आलो. आबांची टोपी खुंटीला होती आणि कोनाड्यात मोबाइल चार्जिंगला. मी म्हटलं, “अक्का, आता कशाला लावतेस हा?”

“तुह्या हाफिसचा फोन आला तं?”

“आला तर काय सांगशील?”

अक्का पदर सावरून ताठ उभी राहिली. इतकी वर्षं आबांना ते वाक्य घोकताना ऐकून तिलाही पाठ झालं होतं. “होय मॅडम,” ती म्हणाली, “ते आमच्याकडे...” आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. पुढचे दोन शब्द काही तिच्या तोंडून निघेनात.