शॉर्ट लेगचा बाबी

बॅट्समनच्या इतक्या जवळ बिनधास्त उभा राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या गिरणीच्या टीममध्ये बाबी परबची जागा ठरलेली, फॉरवर्ड शॉर्ट लेग. हेल्मेट सोडाच, साधी टोपीही नाही. मांड्यांवर कायम काळेनिळे डाग. कुणी काळजी केली की म्हणायचा, "बॉल काय माका खातलो?"

साळखात्यात आमचे माग शेजारी आणि लालबागच्या चाळीत खोल्याही शेजारी. सामन्यासाठी त्याला सुट्टी मिळायची, त्यावरून मी त्याला भरपूर चिडवायचो.

मग संप झाला. वर्ष उलटलं. चाळीतली भांडीकुंडी विकली गेली, निम्म्या खोल्यांना कुलपं लागली. बाबीची बायको बाळंतीण, म्हणून तो गावी जाऊ शकला नाही. अशात गिरणीच्या साहेबाचा त्याला निरोप आला, "स्पर्धेत खेळ, नोकरी राहील. नाहीतर कायमचा घरी." बाकीची टीम संपात नसलेल्या ऑफिसातल्या बाबूंची होती, बाबीने खेळणं म्हणजे संप फोडणं. "जाऊ नकोस रे," मी म्हणालो. आत त्याची दोन्ही पोरं भुकेने रडत होती.

सामन्याला आम्ही संपकरी सीमारेषेला चिकटून उभे राहिलो. बाबी अर्धा झाला होता. शॉर्ट लेगला वाकताना त्याचा तोल जात होता. दोन चेंडू छातीवर बसले, तेव्हा कॅप्टनने त्याला मागे सीमेवर, फाइन लेगला जायला सांगितलं. एरवी ती आरामाची जागा. बाबीने चक्क हात जोडले, "थंय नको. माका हयच रवांदे." कॅप्टनला ती जिद्द वाटली. मला मात्र खरं कारण कळलं, फाइन लेगला आम्ही उभे होतो.

शेवटी त्याला यावंच लागलं. आमच्याकडे पाठ करून तो उभा राहिला, हातभर अंतरावर. शिव्या घालायला आलेली माणसं त्याच्या शर्टातून दिसणाऱ्या फासळ्या बघून गप्प झाली. मला राहवलं नाही.

"बाबी, जेवलंस काय रे?"

मान न वळवता तो म्हणाला, "पोरां जेवली."

ती नोकरीही राहिली नाही. गिरणी पुन्हा उघडलीच नाही. आम्ही सगळेच रस्त्यावर आलो, पण आम्ही नाक्यावर चारजण तरी एकत्र बसायचो. बाबी तिथून खाली मान घालून निघून जायचा. हाका मारूनही थांबायचा नाही.

बिऱ्हाड घेऊन तो गावी निघाला, तेव्हा त्याचं बोचकं मी एसटीपर्यंत नेलं. ते हातातून घेत तो हलकेच म्हणाला, "तू जा आता. माझ्याबरोबर कोणी बघल्यानी तर तुका बोलतले."

मी गेलो नाही. गाडी सुटली, तरी खिडकीतून तो हातानेच मला जा, जा म्हणत होता.