उजव्या बाजूची काजं

शाळेच्या बँडचे कोट आणायला मी शिंप्याच्या दुकानात गेले, तेव्हा त्याची धाकटी बहीण मला पहिल्यांदा दिसली. बेतायच्या टेबलामागे, भिंतीला टेकून ती कोटाची काजं करत होती. दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"कान दुखतात का गं?" मी विचारलं.

तिने मान वर केली नाही. "नाही बाई. एक माणूस सारखा बोलत असतो. तुम्हाला नाही ऐकू येत?"

दुकानात ती, तिचा दादा आणि मी, आम्ही तिघंच होतो.

काज मात्र तिनेच करावं. टाक्याला टाका चिकटलेला, कोपऱ्यात गाठ शोधून सापडायची नाही. "मशीनचं काज म्हणजे नुसती शिवलेली चीर," असं ती नाक मुरडून म्हणायची. गल्लीतले बाकीचे शिंपीही कोट तिच्याकडेच पाठवत.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. आधी दिलेल्या जुन्या पद्धतीच्या औषधांनी तिचे हात थरथरायचे, म्हणून त्यांनी नव्या औषधांपैकी एक गोळी सुरू केली. दीडेक महिन्यात तो माणूस गप्प झाला. कापूस काढून टाकत ती मला म्हणाली, "बाई, आमच्या दुकानात इतकं शांत असतं होय?"

मग भूक आली. जेवून उठली तरी नजर ताटावरच. सकाळी हाका मारून दादाचा घसा बसायचा, पण हिचे डोळे उघडत नसत. अंग सुटत गेलं. दादा तिचे कपडे उसवून सैल करायचा, आणि शिवणीत दाबलेलं कापड संपलं तेव्हा त्याने नवे बेतले.

"दादा, ही गोळी तूच बनवतोस ना? घरबसल्या गिऱ्हाईक!"

"असलं गिऱ्हाईक नको गं बाई. माप घेईपर्यंत माप बदलतं."

आम्ही तिघंही पोट धरून हसलो होतो. पुढच्या तपासणीत तिच्या रक्तात साखर निघाली.

डॉक्टरांनी गोळी बदलली. दुसरीने अंग उतरू लागलं, सकाळी जाग येऊ लागली, पण तिला बसवेना. दारापासून टेबलापर्यंत येरझाऱ्या, हातात कोट, सुई तोंडात. "आवाज नाही बाई," ती म्हणायची, "पण पाय ऐकत नाहीत. कातडीच्या आतून ढकलल्यासारखं होतं." उभ्याने काज होत नाही. ती रडायची आणि चालायची. शेवटी डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली, तेव्हा कुठे पाय थांबले.

आणि त्याच आठवड्यात तिने एका पुरुषाच्या कोटाची तिन्ही काजं उजव्या बाजूला कापली.

पुरुषाच्या कोटाला काजं डावीकडे असतात, हे तिला झोपेतही ठाऊक. आणि काज एकदा कापलं की कापलं, बुजवलं तरी वण राहतो. "मला काय बायकी कोट घालून हिंडवता?" गिऱ्हाइकाने भर दुकानात विचारलं. दादा खाली मान घालून ऐकत राहिला. नंतर तिनेच मला सांगितलं.

"मला कळत होतं, बाई. पण तो कानातला माणूस इतक्या खात्रीने 'उजवीकडे' म्हणाला!"

डॉक्टरांकडे तिच्याबरोबर मी गेले. मात्रा वाढवली तर पाय पुन्हा सुरू होतील, ते म्हणाले. पहिलीवर गेलो तर साखर आणि झोप. तिसरी गोळी आहे, पण ती घेताना सारखं रक्त तपासावं लागतं आणि सुस्ती पहिलीहून जास्त.

"बाई, तुम्ही सांगा ना," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. मग तीच डॉक्टरांना म्हणाली, "पहिलीच द्या. कुठे कापायचं ते माझं मला कळू दे."

तो माणूस पुन्हा गप्प झाला. पण सुई धरल्या धरल्या तिचा डोळा लागू लागला. एकदा कात्री पायावर पडली. दुसऱ्या दिवशी तिने कात्री मागितली.

"धार लावायला दिलीय," दादा म्हणाला.

चार दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. "अजून नाही आली," दादा म्हणाला. त्यानंतर तिने कात्रीचं नाव काढलं नाही.

आता ती दुपारनंतर दुकानात येते आणि बटणं लावते. काजं दादा बाहेरून मशीनवर करून आणतो.